पोळ्याचे ताट आणि महारवाड्याचा वाटा

श्रावणी अमावस्या आली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत पोळ्याचे लेख येतात. खांदेमळणी, रंगवलेली शिंगे, वेशीवरचे तोरण, मानाचा बैल आणि त्याच्या तोंडी दिलेली पुरणपोळी. राबणाऱ्या जनावराला वर्षातून एक दिवस सुट्टी देणारा हा सण आगळा आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु बैल जेवला, घरधनी जेवला की हे लेख संपतात. गावकुसाबाहेर त्या दिवशी काय शिजत होते, हा प्रश्न या लेखकांना पडत नाही.

बलुतेदारीत महाराच्या घरी सणाचे अन्न मागून येई. वर्षभर गावकी राबायची आणि सणाला टोपली घेऊन दारोदार पोळ्या मागायच्या. यालाच 'हक्क' म्हटले गेले. काही भागांत पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या कानात जेवणाचे आवतण सांगतात. बैलाला आवतण होते, महाराला नव्हते. पुढे तोच बैल मेला की तो ओढून नेण्याचे काम मात्र महाराचे, आणि त्याचे मांस हेच महारवाड्याचे पोटभर जेवण. त्या दिवसाला पंचांगात नाव नाही.

नगर जिल्ह्यातील (आताचे अहिल्यानगर) धामणगावच्या दया पवारांनी १९७८ साली 'बलुतं'मधून हा दिवस मराठी साहित्यात आणला. त्याच्या आठ वर्षे आधी, १९७० साली, कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' आले होते आणि घराघरांत पोहोचले होते. एकाच दशकातल्या या दोन पुस्तकांतली अन्ने एकमेकांना ओळखतही नाहीत. एकात प्रश्न चवीचा आहे, दुसऱ्यात वाट्याचा.

शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून ही दरी पाककृतींच्याच भाषेत दाखवली. मराठवाड्यातील महार-मांगांच्या चुलीवरचे अन्न, रक्ती, वजडी, वाळवलेल्या चान्या, त्यांनी कृतीसह नोंदवले. त्याच वर्षी राज्यात बैलाच्या कत्तलीवर बंदी आली. म्हणजे हे अन्न पुस्तकात आले आणि कायद्याने ताटातून गेले.

या पुस्तकाचे मोल मोठे आहे. धोका आहे तो ते वाचण्याच्या पद्धतीत. २०२४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर आले. आता दूरच्या वाचकाला त्यात केवळ अनोखी चव सापडू शकते. चान्या वाळवल्या जात त्या हौसेने नव्हे. आज मिळालेले मांस उद्याच्या उपासमारीसाठी राखायचे होते, म्हणून. ही उपासमार गाळून कृती तेवढी उचलणे म्हणजे पुरवणीवाल्यांचीच चूक उलट्या बाजूने करणे होय.

दुसरी वाट लाजेची. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृतमांस आणि उष्टे अन्न सोडायला सांगितले. १९५८ च्या कायद्याने गावकीची वतनेही रद्द झाली. तेव्हा हे सारे विसरावे, असे आपलीच शिकलेली मुले म्हणतात. परंतु बाबासाहेबांनी सोडायला सांगितली ती लाचारी. तिचा इतिहास पुसायला सांगितले नाही. आपण काय सोडले हेच ठाऊक नसेल, तर सोडण्याचा पराक्रम तरी कसा कळणार?

म्हणून 'बलुतं' आणि 'अपूर्णब्रह्म' वर्गात एकत्र वाचली पाहिजेत. आणि पोळ्यावर लिहिणाऱ्याने बैलाच्या घासाबरोबर दाराशी उभ्या राहिलेल्या टोपलीचाही हिशेब दिला पाहिजे. तो दिल्याशिवाय कोणत्याही सणाला लोकपरंपरा म्हणण्याचा अधिकार समीक्षेला नाही.