'अर्धसत्य' आणि कोठडीतला माणूस

'अर्धसत्य' या हिंदी चित्रपटावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचे दिग्दर्शन. 1983 साली तो आला तेव्हा फौजदार अनंत वेलणकराची घुसमट पांढरपेशा समीक्षकांना आपलीच घुसमट वाटली. बाप आणि मुलगा, पौरुष आणि षंढपणा, व्यवस्था आणि व्यक्ती, सगळ्याची चर्चा झाली. त्या चर्चेत एका माणसाविषयी मात्र मला काही वाचायला मिळाले नाही. वेलणकराच्या हातून कोठडीत मेलेला माणूस.

किरकोळ चोरीच्या संशयावरून त्याला आणलेले असते. वरिष्ठांनी डावलल्याचा संताप वेलणकर त्याच्यावर काढतो आणि तो मरतो. पुढे चित्रपट धावतो तो वेलणकराचे काय होणार या प्रश्नामागे : निलंबन, रामा शेट्टीच्या दारी जाणे, शेट्टीचा खून, शरणागती. मेलेला कोणाचा कोण होता, त्याच्या अटकेची नोंद झाली होती का, घरी कोणी कळवले का, हे विचारायला पटकथेला सवड नाही. चित्रपट वेलणकराला निर्दोष ठरवत नाही हे मान्य केलेच पाहिजे. निहलानी आणि तेंडुलकर इतके उथळ नाहीत. पण प्रेक्षक बाहेर पडतो तो वेलणकराचे दुःख घेऊन. एका माणसाचे मरण हा त्या दुःखातला टप्पा होऊन बसतो.

चाळीस वर्षांपूर्वीच्या चित्रपटाचे हे उणे आज कशाला काढायचे, असे कोणी विचारील. मी कल्याण पूर्वेला राहतो. कोळसेवाडी, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, डोंबिवलीच्या रुळालगतच्या वस्त्या, या भागात पोलीस आणि कायदा यांविषयी लोक जे बोलतात ते ऐकत आलो आहे. कायद्याचे पुस्तक इथे फार कोणी वाचलेले नाही. कायदा शिकवला तो पडद्याने आणि पडद्यावर नेहमी साहेबाच्या खांद्यावरून पाहिले जाते. त्यातून ज्या समजुती झाल्या त्या ऐकण्यासारख्या आहेत.

'चोवीस तास ठेवून घ्यायचा पोलिसांना हक्कच आहे.' हे मी बी.ए. झालेल्या पोरांकडून ऐकले आहे. चोवीस तास ही कमाल मर्यादा आहे, प्रवासाचा वेळ सोडून, आणि तीही रीतसर अटकेनंतरची. अटक न दाखवता 'बसवून ठेवणे' हा प्रकार कायद्यात कुठेच नाही. 'एक फोन करू देतात.' हा फोन अमेरिकन चित्रपटांतून आला. आपल्याकडे अटक झालेला माणूस ज्याचे नाव सांगेल त्या नातलगाला किंवा मित्राला कळवणे हे पोलिसांचेच काम आहे. 'जबाबावर सही करून मोकळा हो.' तपासातल्या जबाबावर सही घ्यायला कायद्याची मनाई आहे आणि पोलिसापुढचा कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. 'साहेबांनी बोलावले आहे, म्हातारीला घेऊन या.' बाईला आणि साठीपुढच्या माणसाला साक्षीदार म्हणून चौकशीसाठी ठाण्यावर बोलावता येत नाही. विचारायचे ते त्यांच्या घरी जाऊन विचारावे लागते. 1 जुलै 2024 पासून फौजदारी संहिता नवी आली, कलमांचे आकडे बदलले, या गोष्टी राहिल्या.

आपल्या लोकांना सगळ्यात महाग पडलेली समजूत 'एन.सी.'ची आहे. जातीवरून शिवी दिली, मारले, म्हणून माणूस ठाण्यावर जातो. हवालदार एन.सी. लिहून कागद हातात देतो आणि माणूस तो कागद केस झाली म्हणून जपून ठेवतो. न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय एन.सी.चा तपासच होत नाही! अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा दखलपात्र आहे. 20 मार्च 2018 च्या निकालाने तो कायदा लुळा केला, 2 एप्रिलला भारत बंद झाला, आणि त्याच वर्षी संसदेने दुरुस्ती करून सांगितले की असा गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. हे त्या हवालदाराला ठाऊक नसते असे मी समजत नाही.

या सगळ्या समजुतींच्या मुळाशी एक मोठी समजूत आहे. हक्क हे सज्जनाला असतात आणि गुन्हेगाराला मारण्याचा अधिकार पोलिसांना असतो, ही ती समजूत. 'काही केलेच नसेल तर घाबरायचे कशाला?' हे वाक्य आता आपल्याही घरात बोलले जाते.

घटनेचे कलम 22 बाबासाहेबांनी 15 सप्टेंबर 1949 रोजी घटना समितीत मांडले, तेव्हा त्याचा आकडा 15-अ होता. आधी मंजूर झालेल्या कलमात व्यक्तीच्या जीविताचे आणि स्वातंत्र्याचे रक्षण 'कायद्याने ठरवलेली पद्धत' एवढ्यावरच सोडले गेले होते. ती उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी हे कलम आणले आहे, असा त्यांचा रोख होता. अटकेचे कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. (त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही जागा ठेवलेली आहे, ही बोच लपवण्यात अर्थ नाही.) ते कलम वाचताना एक गोष्ट लक्षात येते. अटक झालेला माणूस निर्दोष आहे की नाही, असा प्रश्न त्यात नाही. ज्या समाजात जन्मावरून गुन्हेगार ठरवले जात होते त्या समाजातल्या माणसाने ते मांडले होते.

आता आमच्या रेल्वेमार्गावरचे बदलापूर. ऑगस्ट 2024 मध्ये एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाले. आईबाप पोलीस ठाण्यात गेले तर गुन्हा नोंदवायला जवळपास बारा तास गेले. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच नोंद केलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 सालीच सांगितले होते. 20 ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, दिवसभर गाड्या अडल्या. मागणी एकच होती : फाशी द्या. ती बारा तासांची दिरंगाई फाशीच्या घोषणेत बुडाली.

23 सप्टेंबर 2024 रोजी तळोजा तुरुंगातून आरोपीला घेऊन येणाऱ्या गाडीत, मुंब्रा बायपासवर, तो पोलिसांच्या गोळीने मेला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळी झाडली असे पोलिसांनी सांगितले. मिठाई वाटली गेली, 'बदला पुरा'चे फलक लागले. बरोबर दहा वर्षांपूर्वी, 23 सप्टेंबर 2014 रोजी, महाराष्ट्रातल्याच चकमकींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सोळा सूचना दिल्या होत्या. गुन्हा नोंदवा, तपास सी.आय.डी.कडे किंवा दुसऱ्या ठाण्याकडे द्या, न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी करा, लगेच बढती आणि बक्षिसे देऊ नका. मिठाई वाटणाऱ्यांना ही तारीख ठाऊक असण्याचे कारण नव्हते. जानेवारी 2025 मध्ये न्यायदंडाधिकाऱ्याच्या अहवालाने पाच पोलिसांना त्या मृत्यूला जबाबदार धरले. पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे नव्हते. फेब्रुवारीत आईबापांनी उच्च न्यायालयाला सांगितले की आम्हाला आता लढायचे नाही. न्यायालयाने प्रकरण मिटवले नाही. 7 एप्रिलला विशेष तपास पथकाचा आदेश दिला.

त्या आरोपीविषयी मला माया नाही. आरोप खरे असतील तर त्याला शिक्षा व्हायलाच हवी होती, आणि ती न्यायालयात सिद्ध होऊन. खटला चालला असता तर तक्रार बारा तास का घेतली नाही आणि शाळेत कोणी काय दडपले, हेही उलटतपासणीत निघाले असते. ज्या खात्याने मुलींच्या आईबापांना ताटकळत ठेवले, त्याच खात्याला गोळीसाठी टाळ्या मिळाल्या. मुलींना कायदा वेळेवर मिळाला नाही, आरोपीला मिळालाच नाही. आपल्याकडचे लोक यांना दोन वेगळ्या गोष्टी समजतात, कारण वेलणकराच्या डोळ्यांनी पाहायची सवय झाली आहे.

कोठडीतल्या माणसाच्या बाजूने कोणी लिहिलेच नाही असे नाही. 'अर्धसत्य'नंतर चारच वर्षांनी, 1987 साली लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' आले आणि ज्याच्या पाठीवर काठी पडते त्याने स्वतः लेखणी धरली. पण तिथे कायदा म्हणजे काठीच, आणि ते साहजिक होते. 1871 च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना 1952 पर्यंत दुसरा कायदा दिसलाच नव्हता. कागद, तारीख, पंच, रिमांड, म्हणजे काठी न उगारता माणूस कसा आत ठेवला जातो, हे दाखवले ते चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने, 2014 साली. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. वीरा साथीदार या भूमिकेत अभिनय करतात असे वाटतच नाही. सरकारी साक्षीदार आधीच्या खटल्यांतूनही साक्ष देत आलेला निघतो. मृताची बायको येऊन साधेपणाने सांगते की तो दारू पिऊन गटारात उतरायचा. जामीन होतो आणि कांबळे पुन्हा दुसऱ्या कलमाखाली आत जातात.

आमच्याकडच्या काही तरुणांना हा चित्रपट कंटाळवाणा वाटला. कोणी कोणाला मारत नाही, भाषण नाही, शेवटी काही घडतच नाही, असे ते मला म्हणाले. घडते ते असे : न्यायालयाला सुटी लागते, न्यायाधीश कुटुंबासह सहलीला जातात, तिथे बाकावर डुलकी घेतात, आणि नारायण कांबळे आतच असतात.