रोजचा रस्ता आणि हौशी कॅमेरा

हौशी छायाचित्रकलेबद्दल मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, ते बहुधा दोन प्रकारचे असते: कॅमेऱ्याची माहिती, नाहीतर प्रदर्शनाचे कौतुक. हौशी माणूस रस्त्यावर काय पाहतो आणि काय पाहायचे टाळतो, हा समीक्षेचा प्रश्न आहे, असे आपण सहसा मानत नाही. जपानमध्ये तो मानला गेला. तिथल्या हौशी मंडळींनी पायी हिंडून रोजच्या जगण्याची जी नोंद केली, तिच्यामागे कॅमेऱ्याच्या कारखान्यांइतकाच टीकेचाही वाटा आहे, असे माझे म्हणणे आहे. पनवेलसारख्या झपाट्याने बदलणाऱ्या गावात राहून हा इतिहास वाचताना तो मला परका वाटत नाही.

या हिंडण्याचे मूळ कॅमेऱ्यात नाही, वहीत आहे. १९२३च्या भूकंपात तोक्यो उद्ध्वस्त झाले, तेव्हा वास्तुकलेचे अध्यापक कोन वाजिरो हे लोकांनी पत्रे आणि फळ्या जोडून उभारलेली तात्पुरती घरे रेखाटत फिरले. १९२५मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह गिंझाच्या रस्त्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पोशाखाची मोजदाद केली. पुरुषांत पाश्चात्त्य कपडे घालणारे निम्म्याहून जास्त निघाले, बायकांत मात्र शंभरात जेमतेम एक. पुरातत्त्वाला जपानीत ‘कोकोगाकु’ म्हणतात. त्यातले ‘प्राचीन’ काढून तिथे ‘वर्तमान’ बसवत कोन यांनी ‘कोगेनगाकु’ हा शब्द घडवला. आजची गोष्ट अभ्यासण्यासाठी ती जमिनीत गाडली जाण्याची वाट कशाला पाहायची, हा त्यातला विचार.

ही दृष्टी हौशी कॅमेऱ्यापर्यंत पोचायला युद्धोत्तर काळ उजाडावा लागला. १९५०मध्ये दोमोन केन हे ‘कॅमेरा’ नावाच्या मासिकातील वाचकस्पर्धेचे परीक्षक झाले. तोवर हौशी छायाचित्र म्हणजे धुके, फुले, मंद प्रकाश, चित्रासारखी मांडणी. दोमोन यांनी आग्रह धरला तो अजिबात न मांडलेल्या, समोर घडते तसे टिपलेल्या चित्राचा. दर महिन्याला आलेल्या चित्रांतून निवड करायची आणि निवडीमागची कारणे छापायची, हे त्यांचे काम. परीक्षक बक्षीस देतो. टीकाकार कारण देतो. दोमोन यांनी दोन्ही केले, म्हणून त्यांची पाने शाळेसारखी वाचली गेली. पुढे थोर ठरलेले तोमात्सु शोमेई विद्यार्थिदशेत याच स्पर्धांना चित्रे पाठवत होते.

या चळवळीचे गुणगान करताना तिचा दोष झाकू नये. वास्तव टिपा म्हटल्यावर शेकडो हौशी लोक भिकारी आणि रस्त्यावरची मुले यांच्यामागे लागले. ‘भिकाऱ्यांचे फोटो’ अशी तिची हेटाळणी झाली, आणि ती अगदीच अन्याय्य नव्हती. दारिद्र्य पटकन दिसते, म्हणून ते सोपे असते. ज्या घरात काहीच घडत नाही असे वाटते, तिथले जगणे दाखवणे अवघड. दोमोन यांनीच काही वर्षांत या पहिल्या टप्प्याचा शेवट जाहीर केला. मात्र क्युशूतल्या कोळसाखाणींच्या वस्तीतील मुलांवरचा त्यांचा संग्रह १९६०मध्ये निघाला, तो मुद्दाम स्वस्त कागदावर, अवघ्या शंभर येनला. चित्र कोणाचे काढले आणि ते कोणाच्या हाती पडणार, हे प्रश्न त्यांनी एकत्र धरले.

पुढच्या पिढीत हे हिंडणे हसरे झाले. अकासेगावा गेनपेई यांना १९७२मध्ये तोक्योच्या योत्सुया भागात एक जिना दिसला: चढायचा, उतरायचा, पण वर दारच नाही. तरी त्याचा कठडा दुरुस्त केलेला. अशा निरुपयोगी पण जपलेल्या वस्तूंना त्यांनी ‘थॉमसन’ हे नाव दिले. मोठ्या पगारावर आणलेल्या आणि चेंडू हुकवत राहिलेल्या एका अमेरिकी बेसबॉलपटूचे ते नाव. १९८६मध्ये त्यांनी मित्रांसह रस्ता-निरीक्षणाची एक मंडळीच स्थापन केली. थट्टेच्या आड शिस्त होती: जागा नोंदवायची, आकार सांगायचा, चित्र जोडायचे.

आता आपल्याकडे वळू. आपण मागून आलो असे नाही. अमेरिकी आरमाराने ज्या १८५४ साली जपानला बंदरे उघडायला लावली, त्याच साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद आणि स्वतः छायाचित्रकार. पण त्याच काळातल्या विल्यम जॉन्सन यांच्या मुंबईच्या जातिजमातींवरील ग्रंथात (१८६३ आणि १८६६) माणसे एकीकडे टिपून, कापून, वेगळ्या दृश्यावर चिकटवलेली आहेत. माणूस खरा, जागा खरी, पण माणूस त्या जागी उभा नाही. मला वाटते, ही कात्री आपल्या हौशी कॅमेऱ्यातून अजून पुरती गेलेली नाही. आपण वारकरी टिपतो तो वारीत. पेरणीच्या दिवसांत त्याच्या बांधावर जात नाही. कोळीण टिपतो ती नारळी पौर्णिमेच्या दागिन्यांत. सकाळी बर्फाच्या हिशेबावरून वाद घालताना नाही.

पनवेलमध्ये हे विशेष जाणवते. एके काळी हे गाव बैलगाडीच्या चाकांसाठी प्रसिद्ध होते. १८५२ची नगरपालिका २०१६मध्ये महानगरपालिका झाली. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, दहा गावे उठली. रविवारी पहाटे गळ्यात कॅमेरे अडकवून निघालेल्या तरुणांचे घोळके मला दिसतात, ते कर्नाळ्याच्या पक्ष्यांकडे आणि किल्ल्यांकडे जाताना. त्यात गैर काही नाही. पण लाईन आळी किंवा टपाल नाका त्यांच्या वाटेवर असूनही विषय होत नाही. जुन्या वस्तीतून चालताना मला रस्तारुंदीत अर्धा कापला गेलेला ओटा दिसतो. मागचे दार विटांनी बुजवलेले, पण उरलेल्या अर्ध्या ओट्यावर रोज सकाळी कोणीतरी सडा घालून रांगोळी काढते. अकासेगावांच्या जिन्याला शोभेल अशी ही जागा. फरक इतकाच की इथे निरुपयोगी वस्तू नुसती जपलेली नाही, तिच्यावर अजून घर चालू आहे. हे चित्र कुठल्या स्पर्धेच्या ‘निसर्ग’, ‘व्यक्तिचित्र’ किंवा ‘सण’ या रकान्यात बसणार?

अशा ठिकाणी कॅमेरा काढला की कोणी तरी विचारतेच, “फोटो कशाला काढताय?” विचारणाऱ्याच्या मनात अनेकदा भीती असते: मोजणी तर नाही, नोटीस तर नाही? हा प्रश्न टाळून पुढे जाणारा हौशी चित्रकार मला अपुरा वाटतो. ज्या गावात घरे उठतात, तिथे चित्र म्हणजे पुरावा, आणि पुरावा कोणाच्या बाजूने हे विचारण्याचा हक्क ओट्यावर बसलेल्या बाईला आहे. उत्तर देणे आणि काढलेल्या चित्राची एक प्रत त्या घरी नेऊन देणे, एवढे तरी घडावे.

म्हणून मला हवा आहे तो आणखी एक स्पर्धा भरवणारा आश्रयदाता नव्हे, तर नाकारलेल्या चित्रावर चार ओळी लिहिणारा टीकाकार. त्याने विचारावे: ही गल्ली कोणती, तारीख काय, या माणसाचा धंदा कोणता, तू इथे दुसऱ्यांदा कधी गेलास? एकच आळी वर्षभर, त्याच वेळी, पुन्हा पुन्हा टिपून आणा, असे त्याने सांगावे. आपल्या दिवाळी अंकांनी कथा-कवितेच्या नवोदितांना अशी शिस्त लावली आहे. चार पाने हौशी छायाचित्रांना द्यावीत आणि प्रत्येक चित्राखाली निवडीचे कारण छापावे. दहा गावांचे जे अंगण, जी विहीर, जी पायवाट कोणी टिपली नाही, ती आता कोणत्याही भिंगाला सापडणार नाही. उरलेल्या आळ्यांच्या बाबतीत मात्र अजून वेळ आहे.