भुताला जामीन

एखाद्याला कर्जासाठी जामीन राहणं आणि एखाद्याला भुताचा पिक्चर सुचवणं, यांत फारसा फरक नाही. दोन्हींत सही आपण करतो, मजा दुसरा मारतो आणि काही बिनसलं की मंडळी येतात ती आपल्याच दाराशी. बँकेत बावीस वर्षं काढल्यामुळे मी जामीन कुणालाच राहत नाही. सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा नाही. (हे वाक्य आमच्या हिच्या नजरेस पडू नये म्हणून कंसात घातलं आहे, पण ती कंस आधी वाचते.) भुताचे पिक्चर सुचवायची वेळ आली की मात्र माझा संयम सुटतो. पासबुक भरायला आलेला माणूस, मशीन बंद आहे हे ऐकून माझ्या खिडकीवरून रिकाम्या हातानं परत गेला असेल, पण "काय साहेब, नवीन काय बघितलं?" असं विचारणारा कधी गेलेला नाही.

"चांगलासा भुताचा पिक्चर सांगा" ही मागणी ऐकायला एक असली तरी तिच्यात पोटखाती फार. आमच्या हेडकॅशियरसाहेबांना भूत चालतं, रक्त चालत नाही. त्यांना ॲसिडिटी होते. नव्यानं लागलेल्या पोराला रक्त पाहिजे, भूत नसलं तरी चालेल. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना 'सगळ्यांनी मिळून बघण्यासारखं' भूत हवं असतं. म्हणजे त्यानं अंगभर कपडे घालावेत आणि जेवणाच्या वेळेला येऊ नये. आणि अस्सल मराठी माणूस तिकीट काढण्यापूर्वी एकच प्रश्न विचारतो, "शेवटी भूत खरंच असतं, का माणूसच निघतो?" माणूस निघणार असेल तर त्याला पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. माणसं काय, ऑफिसात फुकट बघायला मिळतात.

मी बी.कॉम. आहे. समीक्षा हा विषय आम्हाला नव्हता, ऐच्छिकसुद्धा नव्हता. तेव्हा माझी कसोटी अगदी घरगुती आहे. पिक्चर संपल्यावर रात्री दोन वाजता बाथरूमला जाताना घरातले किती दिवे लावावे लागतात, ते मोजायचं. पडद्यावर दार खाडकन आपटलं, मांजरानं अंगावर उडी घेतली आणि त्याच वेळी सगळ्या वाद्यांनी मिळून बोंब ठोकली, की थिएटर हादरतं. पण याला मी दचकवणं म्हणतो. हे काम आमच्याकडचा प्रेशर कुकर रोज सकाळी साडेसहाला विनातिकीट करतो. भीतीचं मुदत ठेवीसारखं असतं. ठेवताना काही वाटत नाही, मुदत भरली की व्याजासकट हातात पडते. रामसे बंधूंचे 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) किंवा 'पुराना मंदिर' (१९८४) मी प्रेमानं बघतो, पण त्यांच्यासाठी आमच्याकडे दिवा लागल्याची नोंद नाही. त्यांची भुतं इतकी मेहनती की भीतीपेक्षा त्यांच्या मेकअपची काळजी जास्त वाटते.

आणि भूत म्हणजे तरी काय हो? बँकेच्या भाषेत सांगायचं तर वसुली न झालेलं खातं. मूळ कर्जदार गेला, वारस म्हणतात आम्हाला काही माहीत नाही, तारण म्हणून एक पडका वाडा, आणि येणं मात्र वाढतंच आहे. भुताचं येणं किती आणि कोणाकडून, हे ज्या दिग्दर्शकाला नीट ठाऊक असतं, त्याचा पिक्चर अंगावर येतो. ज्याला ठाऊक नसतं, तो धूर सोडतो.

हा हिशेब अलीकडे सर्वांत चोख मांडला तो 'तुंबाड'नं. राही अनिल बर्वे यांचा हा पिक्चर लागला २०१८ साली. शूटिंगला सुरुवात २०१२ ची. इतकं आमच्याकडचं घरबांधणीचं कर्जसुद्धा रेंगाळत नाही. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेलं असलं, तरी त्या खोतांचा इथं काही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कारण आमच्या वरच्या काकू खोत कधी येतात म्हणून मध्यंतरापर्यंत वाट बघत होत्या. भीतीचं बियाणं नारायण धारपांच्या एका कथेतलं. गोष्ट १९१८ ला सुरू होऊन १९४७ पर्यंत येते आणि एवढ्या वर्षांत तुंबाडातला पाऊस म्हणून थांबत नाही. आम्हा कोकणातल्या माणसांना यात भुताटकी काहीच वाटत नाही.

वाड्याच्या पोटात, खोल खाली, हस्तर कोंडलेला आहे. सोनं सगळं त्याचं, पण अन्नाचा कण नशिबात नाही. विनायकरावांनी कणकेची बाहुली घेऊन खाली उतरायचं, हस्तर तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातून सांडतील तेवढ्या मोहरा गोळा करायच्या आणि दोरीवरून वर पळायचं. थोडक्यात, एटीएम. एका वेळी ठरावीकच रक्कम निघते आणि मशीन कधी हात गिळेल याचा नेम नाही.

आता यात भिण्यासारखं काय? भीती त्या लाल हस्तरची वाटतच नाही. तो बिचारा भुकेला आहे. भीती वाटते ती विनायकाच्या दगदगीची. खजिना सापडलेला हा माणूस सबंध पिक्चरभर राबताना दिसतो. भिजत जातो, जीव मुठीत धरून खाली उतरतो, ओरखडून वर येतो, पुण्याला जातो, मोहरा मोडतो, उडवतो आणि पुन्हा तुंबाडची वाट धरतो. एकरकमी श्रीमंत होऊन निवांत बसलेला तो एकदाही दिसत नाही. लोभ ही रोजंदारीची नोकरी आहे, असं इतक्या स्पष्ट मला कोणी दाखवलं नव्हतं. आणि सगळ्यांत अंगावर येणारा भाग तर त्याच्याही पुढचा आहे. बाप आपल्या लंगड्या मुलाला या धंद्यात तयार करतो, अनुकंपा तत्त्वावर पोराला चिकटवून द्यावं तसा. पोरगं चुणचुणीत. बापाला इतकी वर्षं जी सुचली नाही ती युक्ती त्याला सुचते, एकाच खेपेत सगळं काढायची. ती ऐकून बापाच्या डोळ्यांत जे कौतुक उमटतं, तिथं मी खुर्चीचा हात धरला. माझा मुलगा दहावीला आहे. तो हल्ली जेवताना मला क्रिप्टो समजावून सांगतो.

माणसं मराठी, वाडा मराठी, भूक मराठी आणि बोलणं हिंदी, एवढं एक खटकतं. बाकी चार दिवे. त्यांतला एक गॅलरीतला, जिथं बाथरूम नाही. २०१८ साली फारशा लोकांनी हा पिक्चर बघितला नव्हता. २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा लावला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमला. बुडीत धरलेलं खातं असं व्याजासकट उभं राहिलेलं आमच्या शाखेत अजून कोणी पाहिलेलं नाही.

अमर कौशिक यांच्या 'स्त्री'मधलं (२०१८) भूत मला आवडतं, कारण ते वाचतं. चंदेरी गावात घरोघरच्या भिंतींवर, बाई उद्या ये, अशा अर्थाचं लिहून ठेवलेलं. ती येते, वाचते आणि परत जाते. आमच्या बँकेत 'कृपया रांगेत उभे राहा' हे वाचून रांगेत उभा राहिलेला एकही जिवंत इसम मला आठवत नाही. त्या गावात रात्री एकट्यानं बाहेर पडायची चोरी असते ती पुरुषांना. आमच्या हिला हे फार पटलं. तेव्हापासून मला उशीर झाला की ती फक्त हसते. २०२४ ला याचा दुसरा भाग आला, बिनमुंडक्याचं भूत घेऊन. धंदा प्रचंड झाला, दिवा एकही लागला नाही.

त्याच वर्षीचा आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' तर आमच्या अंगणातला. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला, तो पिंपळावर बसतो, हे आम्हाला दूधभाताबरोबर शिकवलेलं. पिक्चरमध्ये हा मुंज्या संगणकावर घडवलेला आहे आणि तो फार दिसतो, हीच माझी तक्रार. आजीनं आम्हाला मुंज्या कधी दाखवला नव्हता. म्हणून तर तिन्हीसांजेला त्या पिंपळाखालून जायची आमची छाती नव्हती. सुहास जोशी यांची आजी पडद्यावर असते तेवढा वेळ मात्र मला ते गाव खरं वाटलं. मुलांना दाखवायला उत्तम.

याच सरपोतदारांचा 'झोंबिवली' (२०२२) मी डोंबिवलीचा रहिवासी या नात्यानं बघितला. लोक विचारतात, भीती वाटली का? अहो, सकाळी आठच्या सुमारास आमच्या स्टेशनवर या. डोळे तारवटलेले, हात पुढे काढलेले आणि लोंढा एकाच दिशेनं. पिक्चरमधल्या मंडळींना निदान डुलायला जागा होती! हसून झाल्यावर आठवतं ते पाणी. टॉवरला चोवीस तास, लगतच्या वस्तीला हंडे. तेवढा भाग ज्याला परका वाटेल त्यानं डोंबिवलीत भाड्यानं राहावं.

गुजराती 'वश' (२०२३) आणि त्याचा हिंदी अवतार 'शैतान' (२०२४) यांत एक परका माणूस किरकोळ निमित्त काढून घरात येतो आणि जातच नाही. घरातली मुलगी त्याच्या शब्दाबाहेर नाही, एवढंच त्याचं भांडवल. आई-बाप आपल्याच घरात त्याची परवानगी मागत हिंडतात. हिंदीत पुढे बाप हिरो होतो आणि भीती राजीनामा देते. गुजरातीच बघा; भाषा कळली नाही तरी पाहुणा कळतो.

आता 'लपाछपी'. विशाल फुरिया यांचा २०१७ चा मराठी पिक्चर. त्यांनीच पुढे २०२१ साली हिंदीत 'छोरी' केला, पण मी सुचवतो तो मराठीच. सुरुवात थकलेल्या कर्जानं होते, त्यामुळे मला लगेच घरच्यासारखं वाटलं. नवऱ्यामागे वसुलीवाले लागलेले, म्हणून तो आपल्या गरोदर बायकोला घेऊन ड्रायव्हरच्या गावी, भर उसातल्या एका घरात येऊन राहतो. पूजा सावंत आणि उषा नाईक या दोघी समोरासमोर येतात तिथं पिक्चर पकडतो. आजूबाजूला मुलं लपंडाव खेळतात. ती कोणाची, हे सांगत नाही. एक मात्र सांगतो. यात अंधार फारसा नाही. लख्ख दुपार, वारा नाही आणि उसाची पाती उगाच हलतायत. उसात लपायला किती जागा असते, हे शहरातल्या माणसाला हा पिक्चर बघितल्यावर कळतं.

हा मी आमच्या शाखेतल्या शिपायांना सुचवला. ते मराठवाड्यातले, गावचे निम्मे लोक ऊसतोडीला जाणारे. दुसऱ्या दिवशी चहाचा कप ठेवताना म्हणाले, "बघितला साहेब. भूत सोडून सगळं खरं आहे." आणि गेले. याहून नेमकी समीक्षा मला छापील कागदावर मिळालेली नाही. १९९४ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशभराचा कायदा झाला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली नऊशेसुद्धा भरल्या नाहीत आणि बीड जिल्ह्यात तर आठशेच्या जरा वर. बेरीज जुळत नसली की आम्हाला रात्री थांबवून ठेवतात. इथं एवढा फरक पडला आणि सगळे वेळेवर घरी गेले.

मी काही वर्षं सातारा जिल्ह्यात बदलीवर होतो. नको असताना झालेल्या मुलीचं नाव नकुशा ठेवण्याची रीत तिथं होती. २०११ साली तिथल्या अशा दोनशेहून अधिक मुलींची नावं समारंभ करून बदलली गेली. माझ्या खिडकीवर आलेली बाई त्या समारंभाच्या वयाची नव्हती. तिनं खातं उघडायचा फॉर्म स्वतःच्या हातानं भरला होता, बाळबोध अक्षर, नाव नकुशा. बदलून घ्यायचं का, म्हणून विचारलं. "ऱ्हाऊ द्या, आधारवर तेच हाय," म्हणाली. खाली वारसाच्या रकान्यात मुलीचं नाव घातलं होतं, ऐश्वर्या. 'लपाछपी'तली मुलं उसातून हाक मारतात तेव्हा मला तो फॉर्म दिसतो. दिवे किती लागले ते मोजले नाहीत. जामीन मात्र राहतो, बिनशर्त. फक्त घरात कोणी गरोदर असेल तर बाळंतपण होऊन जाऊ द्या.

हेडकॅशियरसाहेबांचा प्रश्न बरेच दिवस प्रलंबित होता. त्यांच्यासाठी मी शेवटी 'भ्रमयुगम' (२०२४) काढला. राहुल सदाशिवन यांचा मल्याळी पिक्चर, सबंध कृष्णधवल, त्यामुळे रक्त आलं तरी शाईसारखं दिसतं. ॲसिडिटीला निर्धोक. सतराव्या शतकातलं केरळ. जीव वाचवून पळालेला एक गायक रानातल्या पडक्या वाड्यात येतो. मालक त्याला आसरा देतात, अन्न देतात आणि मग म्हणतात, चला, सोंगट्या खेळू. पणाला लावायला याच्याजवळ काही नाही. तर आपला वेळ लाव, म्हणतात. मालकाच्या भूमिकेत सत्तरी ओलांडलेले मामुट्टी आहेत. ते नुसते हसले तरी बारीक अक्षरातल्या अटी वाचायच्या राहून गेल्यासारखं वाटतं.

साहेब मार्चअखेर निवृत्त होतायत. सोमवारी ते माझ्या टेबलापाशी येऊन थांबले.

"बघितला," म्हणाले. "रक्ताचं काही वाटलं नाही. त्या गाणाऱ्याची एकूण किती वर्षं लिहून घेतली होती हो त्यानं?"

"ते काही नीट सांगत नाहीत, साहेब."

"अडतीस असतील," असं म्हणून ते किल्ल्या घेऊन तिजोरी उघडायला खाली गेले.