'लुक शार्प!' : उसने शब्द आणि स्वतःचा आवाज

गीताची परीक्षा करावयाची म्हणजे त्यातील शब्द चालीपासून सोडवून कागदावर मांडावयाचे, आणि कागदावर ते कवितेच्या तोलाचे उतरले नाहीत की गीत सामान्य ठरवून मोकळे व्हावयाचे, ही रीत साहित्याच्या अभ्यासकांत चांगलीच रुळलेली आहे. लोकप्रिय गीतांच्या बाबतीत तर ती अधिकच निःशंकपणे वापरली जाते. या रीतीच्या मुळाशी एक गृहीत आहे : गीताचा अर्थ शब्दांत आधीच सिद्ध असतो, चाल आणि आवाज तो केवळ वाहून नेतात. हे गृहीत कितपत टिकते हे पाहावयाचे तर ज्यांच्यातील शब्दार्थ उघडपणे दुबळा आहे आणि तरीही ज्यांचा परिणाम निर्विवाद आहे अशी गीते तपासावयास हवीत. स्वीडनमधील 'रॉक्सेट' या जोडीचा 'लुक शार्प!' हा १९८८ मधील दुसरा अल्बम आणि त्यातून स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालेली गीते या दृष्टीने विशेष उद्बोधक आहेत.

पेर येस्ले आणि मारी फ्रेडरिकसन ही दोघेही 'रॉक्सेट'पूर्वी स्वीडिश भाषेत प्रतिष्ठा पावलेली होती. येस्ले हे हाल्मस्टाड येथील 'यिलेने तिदेर' या लोकप्रिय बँडचे प्रमुख गीतकार व गायक. तर फ्रेडरिकसन यांचे स्वतंत्र स्वीडिश अल्बम १९८४ पासून प्रसिद्ध होत होते. दोघांनी मिळून मात्र इंग्रजीची निवड केली. 'पर्ल्स ऑफ पॅशन' या १९८६ मधील पहिल्या अल्बमला यश मिळाले, पण ते मुख्यतः मायदेशापुरते राहिले. क्लॅरेन्स ओवरमान यांच्या निर्मितीखाली तयार झालेला 'लुक शार्प!' ऑक्टोबर १९८८ मध्ये स्वीडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि वर्ष उलटण्यापूर्वीच त्याने देशाच्या सीमा ओलांडल्या. मातृभाषा इंग्रजी नसलेल्या दोन कलावंतांनी इंग्रजी श्रोत्यांवर मिळविलेला हा विजय आहे. त्याचे श्रेय चालींना आणि ध्वनिमुद्रणाला देऊन भाषेच्या प्रश्नाला बगल देणे सोपे आहे. पण खरा प्रश्न भाषेचाच आहे.

प्रथम शीर्षकांकडे पाहू. जोडीचे नावच 'डॉ. फीलगुड' या इंग्लिश बँडच्या एका गीतावरून घेतलेले. 'लुक शार्प!' हे नाव जो जॅक्सन यांनी १९७९ मध्ये आपल्या पहिल्या अल्बमला दिलेले होते. 'ड्रेस्ड फॉर सक्सेस' या गीताचे शीर्षक ज्या शब्दबंधावर उभे आहे, तो जॉन टी. मॉलॉय यांच्या १९७५ मधील पुस्तकामुळे अमेरिकेत सर्वतोमुखी झालेला होता. 'लिसन टू युवर हार्ट' हा तर रोजच्या व्यवहारातील उपदेश. सारांश, या अल्बमची भाषा बहुतांशी तयार शब्दबंधांची भाषा आहे. भाषाविज्ञानाच्या दृष्टीने यात आश्चर्य नाही. मातृभाषेत लिहिणारा लेखक शब्दबंध मोडतो, वाकवतो, कारण त्यांचे सांधे त्याला आतून ठाऊक असतात. संपादित भाषेत लिहिणाऱ्याच्या हाती ते अखंड येतात. आणि तो ते अखंडच वापरतो. येस्ले यांचे इंग्रजी असे रेडिओवरून, तबकड्यांवरून, गीतांच्या शीर्षकांवरून गोळा झालेले इंग्रजी आहे. ते चुकीचे नाही. मात्र त्यावर कोणाही एका व्यक्तीच्या जीवनाचा ठसा नाही. टीकाकारांचा आक्षेप नेमका हाच आहे आणि तो खोटा म्हणता येणार नाही. पाहावयाचे ते एवढेच की या उणिवेचे पुढे काय झाले.

अल्बमचा आरंभ 'द लुक' या गीताने होतो. त्याची जन्मकथा सर्वश्रुत आहे. येस्ले एक नवीन सिंथेसायझर हाताळावयास शिकत असताना त्याची चाल सुचली. ती गुणगुणता यावी म्हणून त्यांनी काही शब्द तात्पुरते जुळवले. पुढे त्यांहून बरे शब्द सुचेनात, म्हणून पहिल्या दोन कडव्यांत तेच कायम राहिले. गीत प्रथम स्त्रीच्या तोंडी घालण्याचे योजले होते. प्रत्यक्षात कडवी येस्ले यांनी गायिली आणि ध्रुवपदात फ्रेडरिकसन यांचा आवाज येऊन मिळतो. ही कडवी कागदावर मांडली तर व्याकरणदृष्ट्या काय दिसते? कर्ता जवळजवळ नाहीच. पूर्ण क्रियापदे विरळ. धातुसाधितांनी सुरू होणारे तुटक खंड एकामागून एक येतात. प्रत्येक शब्दाला कोशात अर्थ आहे, परंतु शेजारच्या शब्दाशी त्याचे सख्य नाही. उपमा आहेत, पण उपमेय आणि उपमान यांना जोडणारा साधारण धर्म शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. वाक्यार्थाच्या कसोटीवर ही कडवी टिकत नाहीत, हे मान्यच केले पाहिजे.

परंतु हीच कडवी कानाने तपासली असता निराळी व्यवस्था प्रत्ययास येते. बहुतेक खंडांचा पहिलाच अवयव बलाघातयुक्त आहे. त्यामुळे प्रत्येक खंड तालाच्या ठोक्यावर नेमका पडतो. शब्द बहुधा आखूड आहेत आणि स्फोटक व्यंजनांनी भरलेले आहेत. ती व्यंजने ढोलाच्या आघाताशी एकरूप होतात. तराण्यातील अक्षरांना जसा शब्दार्थ नसतो पण स्थान असते, तसेच काहीसे येथे घडते. फरक इतकाच की तराण्याची अक्षरे अर्थाचा आव आणीत नाहीत. 'द लुक'मधील शब्द तो आणतात. श्रोता अर्थ लागेल या अपेक्षेने कान देतो, अर्थ निसटतो, आणि त्या निसटण्यातच त्याला गती जाणवते. गीताचा विषय एका व्यक्तीच्या दिसण्यातील, ओझरत्या दर्शनातील मोहिनी हा आहे. ज्या दर्शनाचे विश्लेषण करता येत नाही, त्याच्यासाठी अर्थाला चकवा देणारी भाषा विसंगत ठरत नाही. गीतकाराने ही संगती योजिली नसेल, आळसाने वा घाईने ती घडली असेल. परंतु कृतीचा विचार करताना हेतूपेक्षा घडलेली वस्तूच प्रमाण मानली पाहिजे. गीताच्या उत्तरार्धात तर शब्द सर्वस्वी गळून पडतात आणि निव्वळ निरर्थक अक्षरांची आवर्तने उरतात. आरंभापासून गीत ज्या दिशेने चालले होते, तेथेच ते पोहोचते.

या ठिकाणी भाषाशास्त्राच्या अभ्यासकास एक मोह होण्याचा संभव आहे. स्वीडिश भाषेत शब्दगत स्वराघाताचे दोन प्रकार आहेत आणि त्यांमुळे त्या भाषेला एक आंदोलित सूर लाभतो. येस्ले यांच्या गीतांचा गोडवा या मातृभाषिक संस्कारातून आला, असे स्पष्टीकरण आकर्षक वाटेल. ते स्वीकारण्यास आधार नाही. गायनात अवयवाची स्वरोच्चता चाल ठरविते, भाषा नव्हे. आणि इंग्रजी शब्दांना हे द्विविध स्वराघात मुळात नाहीतच. राष्ट्रीय स्वभावाने कलाकृतीचा उलगडा करण्याच्या सवयीला शास्त्राचा मुलामा देण्यापलीकडे या स्पष्टीकरणातून काही साधत नाही.

'लिसन टू युवर हार्ट' हे अल्बमच्या शेवटी येणारे गीत 'द लुक'च्या अगदी उलट टोकाला आहे. येस्ले आणि मॅट्स पेर्सन यांनी मिळून ते रचले. येथे वाक्ये पूर्ण आहेत, प्रसंगही स्पष्ट आहे : एक नाते मोडावयास आले आहे आणि त्या नात्यात गुंतलेल्या व्यक्तीला कोणी जवळचे माणूस सल्ला देत आहे. शब्द मात्र इतके वापरून झिजलेले आहेत की केवळ वाचणाऱ्यास ते पाठ्यपुस्तकातील सुभाषितासारखे वाटावेत. तरीही या गीतात एक सूक्ष्म गोष्ट आहे. ध्रुवपदात आज्ञार्थी वाक्यानंतर लागलीच अशी कबुली येते की सल्ला ऐकणाऱ्याची वाट पुढे कोठे जाते, हे सल्ला देणाऱ्यालाही ठाऊक नाही. आज्ञार्थातील अधिकार या कबुलीने काढून घेतला जातो. कागदावर हा पालट नजरेतून निसटतो. फ्रेडरिकसन यांच्या गायनात तो निसटू शकत नाही. कडव्यात त्यांचा आवाज खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलण्याच्या सुरात राहतो. ध्रुवपदात तो पूर्ण उघडतो. आणि गिटारवादनानंतर स्वरपट्टीच वर चढते तेव्हा उपदेशाचा शांतपणा संपून सल्ला देणारीच व्याकूळ झालेली आहे, हे ध्यानात येते. वक्ता आणि श्रोता यांमधील अंतर शब्दांत शेवटपर्यंत कायम आहे. आवाजात ते मिटते. हा अर्थ शब्दांनी दिलेला नाही, आणि शब्दांवाचून तो मिळालाही नसता.

'ड्रेस्ड फॉर सक्सेस' या गीतातही हीच किमया लहान प्रमाणावर घडते. यशाच्या तयारीची भाषा मुळात बाजारी आत्मोन्नतीची. फ्रेडरिकसन ती भाषा इतक्या उसळीने उच्चारतात की तीत परक्या जगात पाऊल टाकणाऱ्या स्त्रीची जिद्द ऐकू येते. याउलट 'चान्सेस'सारख्या गीतात यंत्रनिर्मित तालाचा भार एवढा आहे की आवाजाला थांबावयास, शब्द तोलावयास जागाच उरत नाही. मग तयार शब्दबंध तयार शब्दबंधच राहतात. अल्बमच्या मधल्या भागातील काही गीतांचे सामान्यत्व याच कारणाने आहे. शब्दांनी एक तर पूर्णपणे ध्वनी व्हावे, नाही तर आवाजाच्या स्वाधीन व्हावे. मधल्या अवस्थेत ते उघडे पडतात.

स्वतंत्र गीतांच्या क्रमाचा विचार या संदर्भात उद्बोधक ठरतो. स्वीडनमध्ये १९८८ मध्ये प्रथम 'ड्रेस्ड फॉर सक्सेस' आणि नंतर 'लिसन टू युवर हार्ट' ही फ्रेडरिकसन यांनी मुख्यत्वे गायिलेली गीते बाहेर आली. 'द लुक'ची पाळी १९८९ च्या आरंभी आली. स्वीडिश श्रोत्यांपुढे अशा रीतीने एक ओळखीचा आवाज परक्या भाषेत प्रकट झाला. अमेरिकेत क्रम उलटला, आणि तोही कोणी योजना न करता. तेथील कंपनीने हा अल्बम आपल्या बाजारपेठेस योग्य मानला नव्हता. स्वीडनमध्ये शिकून परतलेल्या एका अमेरिकन विद्यार्थ्याने तो मिनीॲपोलिस येथील केडीडब्ल्यूबी या रेडिओ केंद्राकडे नेऊन दिला. त्यातील 'द लुक' प्रक्षेपित होताच मागणी वाढली, ध्वनिमुद्रण इतर केंद्रांकडे पोहोचले, आणि ८ एप्रिल १९८९ च्या बिलबोर्ड यादीत ते गीत पहिल्या क्रमांकावर गेले. पुढे 'ड्रेस्ड फॉर सक्सेस' चौदाव्या, नोव्हेंबर १९८९ मध्ये 'लिसन टू युवर हार्ट' पहिल्या आणि फेब्रुवारी १९९० मध्ये 'डेंजरस' दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. ज्यांची ती मातृभाषा, त्या श्रोत्यांनी प्रथम उचलून धरले ते सर्वांत अर्थहीन गीत! आपल्या भाषेतील शब्द अर्थाच्या ओझ्यातून सुटलेले ऐकण्याचा आनंद कदाचित मातृभाषिकालाच पुरता घेता येत असावा. परभाषिकाला अर्थ लागला नाही तर तो आपल्या अज्ञानाला दोष देतो.

या यशाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. फ्रेडरिकसन या स्वतः गीते रचणाऱ्या कलावती होत्या. 'लुक शार्प!'मध्ये काही गीतांच्या संगीतात त्यांचा वाटा असला, तरी शब्द जवळजवळ सर्वत्र येस्ले यांचेच आहेत. जगाला त्या परिचित झाल्या त्या दुसऱ्याच्या, आणि तेही उसन्या, शब्दांना प्राण देणारी गायिका म्हणून. १९९२ मध्ये त्यांनी 'देन स्टेंडिगा रेसान', म्हणजे अखंड प्रवास, हा बव्हंशी स्वतः रचलेला अल्बम केला तो स्वीडिशमध्ये. स्वतःविषयी बोलावयाचे तेव्हा स्वतःची भाषाच जवळ केली गेली, ही गोष्ट बोलकी आहे. ९ डिसेंबर २०१९ रोजी फ्रेडरिकसन यांचे निधन झाले. 'लिसन टू युवर हार्ट'चे शब्द आजही कोणालाही गाता येतात. पण त्या कबुलीपाशी आज्ञार्थ ज्या ठिकाणी मोडतो, ते ठिकाण त्यांच्या आवाजाने निर्माण केलेले आहे.

आरंभी उल्लेखिलेल्या परीक्षणपद्धतीला येथे मर्यादा पडते. 'लुक शार्प!'मधील शब्द कागदावर दुबळे आहेत हे विधान खरे आहे, आणि गीतांच्या मूल्यमापनास ते अपुरेही आहे. गीतातील शब्द हा अर्थाचा पूर्ण झालेला पाठ नसून उच्चारासाठी दिलेला आराखडा असतो. त्याची कसोटी त्याच्यातून कोणता उच्चार शक्य झाला ही होय. गीताच्या अभ्यासकाने कागद बाजूस सारावा असे यातून निघत नाही. तो हाती ठेवून कान उघडे ठेवावे, एवढेच निघते.