मंदी, मालक आणि मैदान : एका सिद्धांताची पुण्यातील कसोटी

फुटबॉलचा क्लब सहसा मरत नाही, असे सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांनी ‘सॉकरनॉमिक्स’ (२००९) या ग्रंथात प्रतिपादिले आहे. १९२३ साली इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये असलेल्या ८८ क्लबांपैकी ८५ क्लब २००७-०८ मध्येही हयात होते. मधली जागतिक महामंदी त्यांना संपवू शकली नाही. आकडा बिनतोड आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र पुण्यात टिकत नाही.

अशोक पिरामल समूहाचा पुणे एफ. सी. (स्थापना २००७) २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला आणि २०१५ मध्ये गुंडाळला गेला. कल्याणी समूहाचा भारत एफ. सी. एकच हंगाम खेळला, डीएसके शिवाजियन्स दोन. या तिन्ही वेळी देशात मंदी नव्हती, हे ध्यानात घ्यावयास हवे. मंदीसदृश स्थिती आली ती सप्टेंबर २०१८ नंतर. आयएल अँड एफएसच्या थकबाकीने पतपुरवठा आटला, दिवाण हाउसिंगचे वाधवान अडचणीत सापडले, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये वाधवानांच्या एफ. सी. पुणे सिटीची लीगमधील जागा हैदराबादला गेली.

मंदीने जे केले ते तेजीतही घडत होते. तेव्हा कारण अन्यत्र शोधले पाहिजे. इंग्लंडमधील क्लब तोट्यात गेला की खालच्या श्रेणीत उतरतो आणि स्वस्त खेळाडूंवर भागवतो. विगन बरोने १९३१ मध्ये लीग सोडली, तर १९३२ मध्ये त्याच गावाने विगन ॲथलेटिक उभा केला. इंडियन सुपर लीगमध्ये पदावनतीची सोय नव्हती. क्लबला आकसता येत नव्हते. तो मालकाच्या खतावणीतील एक खर्चाची बाब होता, आणि बाब खोडली की क्लब संपला.

इंग्लिश क्लबांच्या चिवटपणाचेही फार कौतुक नको. तेथे १९६१ पर्यंत खेळाडूंच्या वेतनावर कमाल मर्यादा होती. महामंदीच्या काळात ती आठवड्याला ८ पौंड होती. क्लब तगले, त्याचा काही भार खेळाडूंनी वाहिला.

पुण्यात हा भार कोणावर पडला? लोणावळ्याहून पुण्याकडे येताना, मावळातील गहुंजेला लागून असलेल्या मामुर्डीत पुणे एफ. सी.ची निवासी अकादमी होती. ती पुढे पुणे सिटीकडे आली. २०१९ मध्ये पुणे सिटीच्या काही खेळाडूंना हैदराबादने घेतले. अशा वेळी करार असलेल्याला निदान भाव असतो. शिकाऊ मुलापाशी करार नसतो आणि त्याची उमेदीची वर्षे थांबत नाहीत. पुण्यातील क्लबांचा अभ्यास करणाऱ्याने मालकांच्या ताळेबंदाबरोबर या मुलांचे पुढील दोन-तीन हंगामही तपासावेत.