ऊन, धूळ आणि सिलिकॉन

स्विस घड्याळाला 'क्रोनोमीटर' म्हणवून घ्यायचं असेल तर त्याच्या मशीनला सीओएससी या संस्थेत पंधरा दिवस परीक्षा द्यावी लागते. पाच वेगवेगळ्या स्थितींत ठेवून, तीन तापमानांना: ८, २३ आणि ३८ अंश सेल्सिअस. दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे, एवढीच सूट. परभणीत मे महिन्यात ३८ अंश म्हणजे दुपार व्हायच्या आधीचं ऊन. दुपारी पारा ४३-४४ पर्यंत चढतो, आणि याच गावात कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत थंडीच्या लाटेत तो पाच अंशांच्याही खाली उतरतो. स्विस परीक्षकांनी आखलेली वरची आणि खालची, दोन्ही टोकं ओलांडणारी ही हवा. मनगटावरचं घड्याळ अंगाच्या उबेनं सावरतं हे खरं, पण जिंतूर रस्त्यावर मोटारसायकल चालवणाऱ्याच्या हातावर स्टीलची केस किती तापते ते कोणी मोजलेलं नसतं. महागड्या यांत्रिक घड्याळांत आलेल्या नव्या पदार्थांचा हिशोब करायला म्हणूनच मला जिनिव्हाच्या गालिचा घातलेल्या दालनांपेक्षा परभणी सोयीची वाटते. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपल्याकडे म्हणतातच. इथं जर्मनीच्या जागी स्वित्झर्लंड घालावं लागेल, एवढंच.

यांत्रिक घड्याळाचा जीव केसाएवढ्या बारीक गुंडाळीत असतो. दुरुस्ती करणारे तिला हेअरस्प्रिंगच म्हणतात. ती बॅलन्स चक्राला मागेपुढे झुलवते आणि त्या झोक्यावर सगळे काटे चालतात. साध्या पोलादाची स्प्रिंग तापली की ढिली पडते. पितळी बॅलन्सबरोबर ती दर अंशामागे दिवसाला दहा-अकरा सेकंद हरते. जानेवारीत वीस अंशांच्या खोलीत नीट लावलेलं असं घड्याळ मेमध्ये चाळीस अंशांच्या खोलीत ठेवलं तर दिवसाला साडेतीन मिनिटं मागे पडेल. अठराव्या शतकातल्या कारागिरांनी यावर पितळ आणि पोलाद एकमेकांवर चिकटवून, कडेला कापलेली बॅलन्स चक्रं बनवली. उपाय चालायचा, पण एकेक चक्र हातानं जुळवावं लागायचं, आणि ते परवडायचं जहाजांना नि राजेरजवाड्यांना.

खरी सुटका केली शार्ल-एदुआर गियोम यानं. हा स्विस घड्याळजींच्या गावात जन्मलेला भौतिकशास्त्रज्ञ पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजनमाप संस्थेत मीटरच्या प्रमाण पट्ट्यांसाठी स्वस्त धातू शोधत होता. १८९६ साली त्याला लोखंडात सुमारे ३६ टक्के निकेल असलेला, उष्णतेनं जवळपास न वाढणारा मिश्रधातू सापडला. तो इन्व्हार. पुढे त्यातूनच तापमान बदललं तरी ताठरपणा न बदलणारा एलिन्व्हार आला, आणि १९२० चं नोबेल गियोमला याच कामासाठी मिळालं. १९३३ मध्ये राइनहार्ड श्ट्राउमान यानं निव्हारॉक्स हा स्प्रिंगचा मिश्रधातू बनवला आणि हेअरस्प्रिंगचा प्रश्न निदान सामान्य माणसापुरता मिटला.

'सामान्य माणसापुरता' हे शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. माणिकाचंच पाहा. घड्याळाच्या चाकांचे आस दगडात फिरवायची युक्ती १७०४ मध्ये लंडनमध्ये निघाली, तेव्हा ती खऱ्या माणकांत भोक पाडायची युक्ती होती. १९०२ मध्ये ऑग्युस्त व्हर्नय यानं अॅल्युमिनाची भुकटी ज्योतीतून पाडून कृत्रिम माणिक जाहीर केलं आणि दगड कवडीमोल झाला. १९३४ मध्ये इन्काब्लॉक हा धक्का झेलणारा छोटा स्प्रिंगचा झूला आला. मुंबईच्या बाजारावर आणि ब्रिटिश हिंदी फौजेच्या मागणीवर मोठ्या झालेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीचा दावा आहे की तो सर्वांत आधी त्यांच्या 'सोवार प्रायमा'त बसला. दावा सोडून दिला तरी एक गोष्ट उरते: घोडेस्वाराच्या हाताला बसणारे हादरे हा त्या काळच्या उच्च तंत्रज्ञानाचा विषय होता, आणि त्याचं उत्तर घोडेस्वाराच्याच हातावर पोचलं.

मग एचएमटी. १९६१ मध्ये बंगळुरात जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं सुरू झालेला हा सरकारी कारखाना. त्याच्या 'जनता' घड्याळाच्या डायलवर '१७ ज्वेल्स' आणि 'पॅराशॉक' असं छापलेलं असे. शिक्षक, तलाठी, पूर्णा जंक्शनवरचे रेल्वेवाले, मानवतच्या कापूस बाजारातले आडते यांच्या हातावर दिसायचं ते हे घड्याळ. लग्नात नवरदेवाला एचएमटीचंच 'कांचन'. हातात असलेली ती सतरा माणकं व्हर्नयची आहेत, ती उन्हात ढिली न पडणारी स्प्रिंग गियोमच्या कुळातली आहे, हे कोणाला माहीत नव्हतं आणि असायचं कारणही नव्हतं. पहाटे चावी दिली की दिवस निघायचा. विसाव्या शतकातल्या घड्याळकलेचं मोठेपण मी इथं मोजतो. तिचे शोध वरून निघाले आणि पन्नास-साठ वर्षांत परभणीच्या मनगटावर उतरले.

गेल्या पंचवीस वर्षांतले शोध याच मापानं तोलायचे, तर काट्याचं पारडं कुठं झुकतं?

आधी केसविषयी, कारण नवा पदार्थ म्हटलं की जाहिरातीत दिसते ती केस. मराठवाड्यात महागड्या घड्याळाचं सामान्य नाव बरीच वर्षं 'राडो' हेच होतं. आखातातून आलेला पाहुणा, बांधकामाचा गुत्तेदार, नवा आमदार यांची ती खूण. भारत आजही या कंपनीच्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक आहे. पण राडोची पुण्याई खोटी नव्हती. १९६२ च्या डायस्टारमध्ये टंगस्टन कार्बाइड वापरून तिनं ओरखडा न उठणारी केस आणली, आणि १९८६ पासून सिरॅमिक. झिर्कोनियाची भुकटी साच्यात दाबून साधारण १४५० अंशांवर भाजायची. भाजताना तुकडा जवळजवळ चौथा हिस्सा आकसतो, म्हणून साचा तेवढा मोठा धरावा लागतो. नंतर हिऱ्याच्या पुडीनं घासायचं. ज्या गावात धूळ हा ऋतूच आहे, तिथं ओरखडा न पडणं ही चैन नाही. धक्का मात्र सिरॅमिकला सोसत नाही. फरशीवर पडलं तर स्टीलला पोचा येतो, सिरॅमिकचा टवका उडतो किंवा तुकडे होतात. राडो घेणाऱ्यांपैकी किती जणांना त्या पदार्थाचं कौतुक होतं आणि किती जणांना त्या नावाचं, हा प्रश्न मी विचारत नाही. २०१० मध्ये औरंगाबादेत उद्योजकांनी एका वेळी दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या तेव्हाही इंजिनाची चर्चा फारशी झाली नव्हती.

राडोच्या पुढची केस मात्र निव्वळ आतषबाजी होत गेली. रिशार मिलनं २०१२ मध्ये अख्खी केस नीलमणी काचेत कोरली. किंमत दहा लाख डॉलरच्या वर. कार्बनचे पापुद्रे, सोन्यात मिसळलेलं सिरॅमिक, अॅल्युमिनियमचा फेस. आणि पातळपणाची शर्यत: बुल्गारी १.८० मिलीमीटर, चार महिन्यांत रिशार मिल १.७५, मग रशियाचा कॉन्स्टँटिन चायकिन १.६५. हे आकडे ऐकून माझा श्वास रोखला जात नाही. होसूरच्या टायटननं २००२ मध्ये 'एज' काढलं. आतलं मशीन १.१५ मिलीमीटर, अख्खं घड्याळ ३.५, पाण्याचा थोडा मारा सोसणारं आणि नोकरदार माणसाला घेता येईल असं. ते सेलवर चालतं, त्यामुळे तुलना सरळ नाही. पण पातळपणा कोणासाठी हवा, हा प्रश्न तिथं नीट विचारला गेला होता.

आता सिलिकॉन. या पंचवीस वर्षांतला खरा शोध हाच, म्हणून इथं जरा थांबू.

२००१ मध्ये युलिस नार्दाँनं 'फ्रीक' नावाचं घड्याळ काढलं. काटे नाहीत, चावीचं बटण नाही, मशीन स्वतःच फिरत वेळ दाखवतं. लुडविग एक्सलिन या घड्याळजीनं त्यातली दोन चाकं सिलिकॉनची केली होती. लोक त्या विचित्र चेहऱ्यावर बोलत राहिले, पण क्रांती चाकांत होती. संगणकाच्या चिपसाठी जसं कोरतात तसंच सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशानं आकार आखून वायूनं खोल कोरायचं. एका चकतीतून शेकडो सुटे भाग निघतात, प्रत्येक हुबेहूब. वजन पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी, तेल जवळपास लागत नाही, चुंबकाचा परिणाम होत नाही. २००६ मध्ये पाटेक फिलिपनं हेअरस्प्रिंगही सिलिकॉनची केली. नुसतं सिलिकॉन उष्णतेनं बदलतं, म्हणून त्यावर ऑक्साइडचा नेमक्या जाडीचा थर चढवतात. दोघांचे दोष एकमेकांना मारतात. गियोमनं भट्टीत जे केलं तेच इथं काचेच्या पापुद्र्यानं केलं जातं. मला हा विचार सुंदर वाटतो, कोणत्याही नीलमणी केसपेक्षा कितीतरी जास्त.

आणि तो परभणीसाठी उपयोगाचा आहे, कदाचित जिनिव्हापेक्षाही. ऊन एक कारण. दुसरं चुंबक. मोबाइलची पाकिटं, इअरफोनच्या डब्या, टॅबचे कव्हर, जिकडे तिकडे चुंबक आहेत. पोलादी किंवा जुन्या मिश्रधातूच्या स्प्रिंगचे वेढे त्यानं चिकटले की घड्याळ भलतंच पुढे धावतं. घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात 'पुढे पळतंय' अशी तक्रार घेऊन आलेलं चावीचं घड्याळ आधी डीमॅग्नेटायझरवर धरतात, ते याचसाठी. ओमेगानं २०१३ मध्ये पंधरा हजार गॉसच्या चुंबकीय क्षेत्रालाही न डगमगणारं मशीन दाखवलं, त्यात सिलिकॉनचा वाटा मोठा. तिसरं कारण तेल. उन्हात तेल पातळ होऊन पसरतं, धुळीत घट्ट होतं. जितकं कमी तेल, तितकं बरं.

पाटेक, रोलेक्स आणि स्वॉच समूह यांनी सिलिकॉनच्या स्प्रिंगचं पेटंट बरीच वर्षं आपसात ठेवलं. २०२२ मध्ये त्या मूळ पेटंटची मुदत संपली. त्याच्याही आधी टिसोनं लाखाच्या आतल्या घड्याळात सिलिकॉन बसवलं होतं. म्हणजे उतरण सुरू झाली आहे. २०२५ मध्ये रोलेक्सनं 'लँड-ड्वेलर'मध्ये सिलिकॉनची नवी एस्केपमेंट (बॅलन्सच्या झोक्यागणिक चाकं थोडीथोडी सोडणारी यंत्रणा) आणि सिरॅमिकचा बॅलन्स आस आणला. तोही कधीतरी उतरेल.

तरी माझं समाधान होत नाही, आणि त्याचं कारण दुरुस्तीच्या टेबलावर आहे.

निव्हारॉक्सची स्प्रिंग वाकडी झाली तर डोळ्याला भिंग लावून, दोन चिमट्यांनी ती सरळ करता येते. हे कौशल्य परभणीत होतं, सेलूत होतं, गंगाखेडच्या बाजारात होतं. सिलिकॉनची स्प्रिंग वाकत नाही, ती तुटते. चिमट्याला तिथं काम नाही. नवा तुकडा कारखान्यातून यायला हवा, आणि तो येत नाही. स्वॉच समूहानं २०१५ च्या अखेरीला बाहेरच्या कारागिरांना सुटे भाग देणं बंद केलं. याच समूहानं २०१३ मध्ये आणलेल्या 'सिस्टम ५१'चं मशीन तर यंत्रमानव जोडतात आणि ते वितळवून बंद होतं, उघडायची सोयच नाही. इतक्या बारीक कामाला 'यांत्रिक घड्याळ' म्हणून विकायचं आणि यंत्र उघडायचं दार बुजवायचं, हा मला आजच्या कलेतला सर्वांत मोठा दोष वाटतो.

याच्या अगदी उलट टोकाला मुंबई आहे. जगभरचे संग्राहक नाक मुरडून 'मुंबई स्पेशल' म्हणतात ती घड्याळं: एचएमटी, सेको, फेव्हर-ल्युबाची जुनी मशीनं, दुसऱ्याच केसमध्ये बसवलेली, डायल नव्यानं रंगवलेली, कधी भडक, कधी चुकीच्या स्पेलिंगची. फसवणूक म्हणून ती वाईटच. पण कारागिरीचा पुरावा म्हणून पाहिली तर त्यांतून कळतं की ते मशीन चाळीस-पन्नास वर्षांनीही उघडता येत होतं, जोडता येत होतं, चालवता येत होतं. १८६५ पासून मुंबईत दुकान मांडलेल्या फेव्हर-ल्युबाचं नाव आधी टायटननं घेतलं, मग २०२३ मध्ये विकलं. ते नाव आता पुन्हा नव्या घड्याळांवर येतंय. पण त्या कंपनीची जुनी मशीनं जिवंत ठेवली ती चोर बाजारानं, हे विसरता येत नाही.

भारतीय प्रयत्नांबद्दल थोडक्यात. बँगलोर वॉच कंपनी टायटॅनियम केस आणि उल्कापाषाणाच्या डायलपर्यंत पोचली आहे, जयपूर वॉच कंपनी जुनी नाणी डायलवर बसवते. देखणं काम आहे, पण चेहऱ्याचं. टायटननं २०२४ मध्ये 'जलसा' या दहाच घड्याळांच्या मालिकेत टूरबियाँ, म्हणजे बॅलन्सला घेऊन फिरणारा पिंजरा, बसवला, किंमत चाळीस लाखांवर. धाडस म्हणून मानलं पाहिजे. परवाणूची केडीडीएल कंपनी स्विस घड्याळांसाठी डायल बनवते. म्हणजे चेहरा आपण जगाला पुरवतो, काळीज मात्र अजून बहुतेक बाहेरून येतं. खोल कोरीव काम करणारी सिलिकॉनची यंत्रं पवईच्या आयआयटीच्या नॅनो प्रयोगशाळेत आहेत. अचूक लेथकाम पुण्या-कोल्हापुरात आहे. या दोन टोकांना जोडणारा कोणी घड्याळजी नाही, आणि २०१६ मध्ये एचएमटीच्या घड्याळ कारखान्यांना टाळं लावायचा निर्णय झाल्यावर तो तयार व्हायची शाळाही उरली नाही.

मग आज परभणीत वापरायला यांत्रिक घड्याळ घ्यायचं झालं तर? सिलिकॉनचं कौतुक करूनही मी तूर्त निव्हाक्रोन निवडेन. २०१८ मध्ये स्वॉच समूह आणि ओडेमार पिगे यांनी मिळून आणलेला हा टायटॅनियमवर आधारलेला मिश्रधातू चुंबकाला सिलिकॉनइतकी नाही, तरी बरीच टक्कर देतो, आणि तो अजून धातू आहे, चिमट्यानं सरळ होतो. रोलेक्सची नायोबियम-झिर्कोनियमची निळी 'पॅराक्रोम' स्प्रिंग याच जातीची, पण खिसा तेवढा हवा. केस सिरॅमिकची नको, स्टीलचीच असू दे. घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: हे मशीन उघडायला छत्रपती संभाजीनगरला पाठवणार, मुंबईला, की थेट स्वित्झर्लंडमधल्या बीलला? बहुतेक दुकानांत याचं उत्तर द्यायला दुकानदार आधी फोन लावतो.