प्रजासत्ताकाचा स्त्रीदेह : फ्रान्समधील स्मारके व टपाल तिकिटे यांवरील रूपकमूर्ती

प्रास्ताविक

मराठी व्याकरणात 'न्याय' हा शब्द पुल्लिंगी आहे, तर 'स्वातंत्र्य' व 'प्रजासत्ताक' हे शब्द नपुंसकलिंगी आहेत. तरीही डोळ्यांवर पट्टी बांधून हाती तराजू धरलेल्या स्त्रीला मराठीत 'न्यायदेवता' म्हटले जाते आणि न्यूयॉर्कच्या बंदरातील पुतळा 'स्वातंत्र्यदेवीचा' ठरतो. लॅटिन व फ्रेंच भाषांत अमूर्त गुणांची नामे बहुतांशी स्त्रीलिंगी असल्यामुळे तेथे स्त्रीमूर्ती व्याकरणाच्या आधारानेच उभी राहते. मराठीला मात्र त्यासाठी 'देवी' किंवा 'देवता' हा शब्द बाहेरून जोडावा लागतो. हा तपशील वाटतो तितका किरकोळ नाही. 'देवी' म्हटले की पूज्यभाव येतो आणि चिकित्सा मागे पडते. आधुनिक युरोपातील रूपकमूर्ती पूजेसाठी घडवलेली नसते. राज्यसंस्थेने स्वतःविषयी केलेले ते एक विधान असते आणि ते विधान तपासून पाहता येते.

प्रतीकांचे वाचन बहुधा कोशपद्धतीने केले जाते. मशाल म्हणजे ज्ञान, तराजू म्हणजे निष्पक्षता, सिंह म्हणजे सामर्थ्य, अशी समीकरणे मांडली की अर्थनिर्णय झाला असे समजले जाते. या पद्धतीची परंपरा जुनी आहे. चेझारे रिपा या इटालियन लेखकाचा 'इकोनोलोजिया' हा ग्रंथ १५९३ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे दीर्घकाळ शिल्पकार व चित्रकार त्यातूनच मूर्तींची आयुधे निवडत राहिले. तथापि मूर्तीच्या हातात काय आहे एवढ्यावरून तिचा अर्थ पुरता हाती लागत नाही. ज्यांच्या देहाचा आकार मूर्तीने घेतला, त्यांना त्या राज्यात कोणते स्थान होते, हा प्रश्नही विचारावा लागतो. प्रस्तुत लेखात फ्रेंच प्रजासत्ताकाची स्त्रीमूर्ती, म्हणजेच 'मारियान', या दृष्टीने तपासली आहे.

कणसे आणि टोपी

फ्रान्सचे पहिले टपाल तिकीट १ जानेवारी १८४९ रोजी प्रचारात आले. झाक-झाँ बार यांनी घडवलेल्या या तिकिटावर सेरेस या रोमन धान्यदेवतेचे मस्तक आहे व तिच्या केसांत गव्हाची कणसे आणि द्राक्षे गुंफलेली आहेत. फेब्रुवारी १८४८ च्या क्रांतीने राजेशाही संपवून दुसरे प्रजासत्ताक स्थापन केले होते. अशा वेळी क्रांतीची परिचित खूण असलेली लाल फ्रिजियन टोपी तिकिटावर येणे स्वाभाविक ठरले असते. परंतु त्या टोपीशी १७९३ च्या रक्तपाताची स्मृती जोडलेली होती. मवाळ प्रजासत्ताकवाद्यांना मध्यमवर्गाला आणि शेतकऱ्याला आश्वस्त करायचे होते. कणसे व द्राक्षे त्या कामी उपयोगी पडली. याच बार यांनी १८४८ साली प्रजासत्ताकाची राजमुद्राही तयार केली. तीतील आसनस्थ स्त्रीच्या मस्तकावरही टोपी नाही, सूर्यकिरणांचा मुकुट आहे. मोरीस आग्युलाँ या इतिहासकाराने 'मारियान ओ काँबा' (१९७९) या ग्रंथात टोपी व मुकुट यांमधील हा राजकीय संघर्ष तपशिलाने उलगडला आहे. डोक्यावर काय आहे यावरून सत्तेवरील गट ओळखता यावा, इतकी ती चिन्हे त्या काळी बोलकी होती.

मात्र टोपीकडेच लक्ष दिले तर चेहऱ्याचा प्रश्न निसटतो. १८५२ साली लुई-नेपोलियन या राष्ट्राध्यक्षाने सेरेसला हटवून तिकिटावर स्वतःचे मस्तक आणले. काही महिने तिकिटावर अक्षरे 'फ्रेंच प्रजासत्ताक' अशी आणि चेहरा एका पुरुषाचा, अशी चमत्कारिक स्थिती होती. पुढच्याच वर्षी अक्षरांच्या जागीही 'फ्रेंच साम्राज्य' आले. १८७० मध्ये साम्राज्य कोसळताच सेरेस परतली. १९४० नंतर व्हिशी राजवटीत पुन्हा तेच घडले. तिकिटांवर मार्शल पेताँ आले, कित्येक नगरभवनांतून मारियानचे अर्धपुतळे काढले गेले आणि ऑक्टोबर १९४१ च्या कायद्यान्वये सार्वजनिक ठिकाणचे अनेक ब्राँझ पुतळे वितळवण्यासाठी उतरवण्यात आले. हुकूमशहा आला की तिकिटावर विशिष्ट पुरुष येतो आणि प्रजासत्ताक आले की अनाम स्त्री परतते, हा क्रम योगायोगाचा नाही.

मरीना वॉर्नर यांनी 'मॉन्युमेंट्स अँड मेडन्स' (१९८५) मध्ये याचे जे स्पष्टीकरण दिले आहे, ते येथे नेमके लागू पडते. पुरुषाचा पुतळा पाहताना 'हा कोण?' असा प्रश्न पडतो. स्त्रीचा पुतळा पाहताना 'हे काय?' असा. सार्वजनिक जीवनात स्त्रीला व्यक्ती म्हणून स्थान नव्हते, म्हणूनच तिचा देह कोणत्याही कल्पनेसाठी मोकळा होता.

सिंहाने राखलेली मतपेटी

पॅरिसच्या प्लास द ला रेप्युब्लिक या चौकातील स्मारक १४ जुलै १८८३ रोजी उघडण्यात आले. लेओपोल्द मोरिस यांनी घडवलेली साडेनऊ मीटर उंचीची ब्राँझमूर्ती उंच चबुतऱ्यावर उभी आहे. या वेळी मस्तकावर फ्रिजियन टोपी आहे, कारण तिसरे प्रजासत्ताक आता स्थिरावले होते. उजव्या हातात ऑलिव्हची फांदी व डावा हात मानवी हक्कांच्या फलकावर. चबुतऱ्याभोवती स्वातंत्र्य, समता व बंधुता यांच्या तीन पाषाणमूर्ती बसलेल्या आहेत, त्याही स्त्रियाच. (बंधुता स्त्रीच्या रूपात दाखवताना शिल्पकाराला काही अडचण वाटल्याचे दिसत नाही.) सर्वांत खाली पायथ्याशी ब्राँझचा एक सिंह आहे आणि त्याच्याजवळ मतपेटी आहे. हे सार्वत्रिक मताधिकाराचे चिन्ह होय.

कोशपद्धतीने पाहिल्यास हे संपूर्ण शिल्प सुसंगत आहे. परंतु १८४८ साली फ्रान्सने जो मताधिकार 'सार्वत्रिक' म्हणून दिला, तो केवळ पुरुषांना दिला होता. स्त्रियांना तो २१ एप्रिल १९४४ च्या वटहुकुमाने मिळाला आणि त्यांनी प्रथम मतदान केले ते २९ एप्रिल १९४५ रोजी. म्हणजे जवळजवळ बासष्ट वर्षे या चौकात चार स्त्रीमूर्ती एका मतपेटीच्या वर विराजमान होत्या आणि त्या मतपेटीला हात लावण्याचा अधिकार चौकातून जाणाऱ्या एकाही स्त्रीला नव्हता. स्मारकाचे वर्णन करताना हा अंतर्विरोध सहसा नोंदला जात नाही. सिंह मात्र न चुकता नोंदला जातो.

हा विरोध त्या काळी कोणाच्या लक्षात आला नव्हता, असे नाही. १९०० साली मूशाँ यांनी रेखाटलेले नवे तिकीट निघाले. त्यावर आसनस्थ प्रजासत्ताकाच्या हाती एक फलक असून त्यावर 'पुरुषाचे हक्क' असे कोरले आहे. फ्रेंच भाषेत 'ऑम' म्हणजे पुरुषही आणि मानवही. त्यामुळे याचे मराठी भाषांतर 'मानवाचे हक्क' असेही करता येईल आणि शासनाला तोच अर्थ अभिप्रेत होता. उबेर्तीन ऑक्लेर (१८४८-१९१४) या मताधिकारवादी कार्यकर्तीने मात्र पहिला अर्थ खरा धरला. शासकीय तिकिटाला प्रत्युत्तर म्हणून तिने १९०१ साली 'स्त्रीचे हक्क' असा मजकूर असलेले, तिकिटासारखेच दिसणारे एक लेबल काढले. रूपकमूर्तीवर लिहिल्या गेलेल्या समीक्षेत या इवल्याशा कागदाला अग्रस्थान द्यावे लागेल. स्त्रीच्या हाती पुरुषाच्या हक्कांचा फलक देणारी प्रतिमा किती विसंगत आहे, हे तिने कोणत्याही ग्रंथाविना दाखवून दिले, तेही त्याच माध्यमात. पुढे १९०८ च्या पॅरिस नगरपालिका निवडणुकीत ऑक्लेरने एका मतदान केंद्रातील मतपेटीच उलथून टाकली. मोरिसच्या सिंहाने राखलेली पेटी डोळ्यांसमोर आणली म्हणजे या कृतीचा रोख ध्यानात येतो.

अटलांटिकच्या पलीकडेही अशीच प्रतिक्रिया उमटली होती. फ्रान्सने भेट दिलेल्या बार्तोल्दीच्या पुतळ्याचे २८ ऑक्टोबर १८८६ रोजी न्यूयॉर्कमध्ये अनावरण झाले, तेव्हा तेथील मताधिकारवादी स्त्रियांनी नौका भाड्याने घेऊन बंदरात निषेध नोंदवला. स्वातंत्र्य स्त्रीरूपात उभे राहत असताना स्त्रीला मत नाही, हाच त्यांचा मुद्दा होता. बार्तोल्दीने टोपी टाळून किरणांचा मुकुट निवडला होता. आरंभीच्या एका नमुन्यात मूर्तीच्या हाती असलेल्या तुटलेल्या साखळ्या अंतिम शिल्पात पायांशी गेल्या आणि हातात तारखेचा फलक आला. गुलामगिरीच्या अंताची ही खूण जमिनीवरून पाहणाऱ्याला जवळपास दिसतच नाही.

चेहऱ्याची अदलाबदल

स्मारक एका जागी उभे असते आणि लोक त्याच्याकडे जातात. तिकीट लोकांकडे जाते. या फरकामुळे तिकिटावरील मूर्तीला बरेच काही सोडून द्यावे लागते. ऑस्कर रोतीची 'पेरणारी' ही आकृती प्रथम एका पदकासाठी कल्पिली होती. ती १८९७ पासून नाण्यांवर व १९०३ साली तिकिटावर आली. टोपी घातलेली, पाठीवर केस मोकळे सोडलेली ही अनवाणी स्त्री चालत चालत बी पेरते. वाऱ्याच्या विरुद्ध कोणी पेरणी करत नाही आणि मागे सूर्य असताना प्रकाश असा पडत नाही, असे आक्षेप तेव्हा घेतले गेले. १९०६ साली मागचा सूर्य काढण्यात आला आणि नंतर पायाखालची जमीनही. रूपकातून शेत वजा होत गेले व केवळ आकृती उरली. आक्षेप बिनतोड होते; तरीही रोतीची ही आकृती अन्य सर्व फ्रेंच तिकिटांहून सरस आहे, कारण येथे प्रजासत्ताक फलक धरून बसलेले नाही, काम करताना दिसते.

१९४५ पासून पिएर गाँदाँ यांची मारियान आली. तिच्यासाठी त्यांनी आपल्या पत्नीचा चेहरा घेतला होता. ज्या वर्षी फ्रेंच स्त्रीने प्रथम मत दिले, त्याच वर्षी अनाम मूर्तीला प्रत्यक्ष चेहरा मिळावा, हा निदान सुखद योगायोग मानावा. पण पुढचा प्रवास तितका सरळ नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नगरभवनांतील अर्धपुतळ्यासाठी ब्रिजित बार्दो व १९८५ मध्ये कात्रीन दनव्ह या अभिनेत्री आदर्श ठरल्या. कल्पनेच्या जागी व्यक्ती आली, मात्र ती सौंदर्यासाठी प्रसिद्ध असलेली व्यक्ती. १९९७ च्या तिकिटासाठी एव्ह ल्यूके या स्त्रीने मारियान रेखाटली. २०१३ साली ओलिव्हिए सियापा या तिकीटकर्त्याने 'फेमेन' या स्त्रीवादी गटातील कार्यकर्ती इन्ना शेव्हचेन्को ही आपली एक प्रेरणा असल्याचे सांगताच वाद उसळला. अभिनेत्रीचा चेहरा चालतो आणि आंदोलकाचा चालत नाही, हे या वादातून उघड झाले.

अमेरिकेतील एक प्रकरण याहून विलक्षण आहे. तेथील टपाल खात्याने डिसेंबर २०१० मध्ये स्वातंत्र्यमूर्तीच्या मस्तकाचे तिकीट काढले. ते छायाचित्र मूळ पुतळ्याचे नव्हते, लास व्हेगासमधील एका कॅसिनोसमोरच्या प्रतिकृतीचे होते. २०११ मध्ये एका तिकीटसंग्राहकाने ही चूक शोधून काढेपर्यंत ती कोणाच्या ध्यानात आली नव्हती. प्रतिकृतीचे शिल्पकार रॉबर्ट डेव्हिडसन यांनी दावा केला की, आपण त्या चेहऱ्याला अधिक स्त्रीसुलभ व आधुनिक रूप दिले आहे, त्यामुळे ती स्वतंत्र कलाकृती ठरते. न्यायालयाने २०१८ साली हा दावा मान्य करून त्यांना सुमारे ३५ लाख डॉलरची भरपाई दिली. मस्तकाखाली कापलेल्या त्या तिकिटावर मशाल नाही, फलक नाही, साखळ्याही नाहीत. कोशातील एकही आयुध शिल्लक नसताना लक्षावधी लोकांनी ती मूर्ती निःशंकपणे ओळखली आणि चुकीची ओळखली.

२६ जानेवारी १९५०

या पार्श्वभूमीवर भारतीय प्रजासत्ताकाने आपल्या स्थापनेदिवशी काढलेली चार तिकिटे पाहण्यासारखी आहेत. अबनींद्रनाथ ठाकूरांच्या १९०५ च्या चित्रापासून भारतमातेची प्रतिमा लोकांच्या मनात रुजलेली होती. महात्मा गांधींनी १९३६ साली वाराणसीच्या भारतमाता मंदिराचे उद्घाटन केले. तेथे मूर्तीऐवजी अखंड भारताचा संगमरवरी उठावाचा नकाशा आहे. १९५० च्या तिकिटांवर तर नकाशाही नाही. दोन आण्यांच्या तिकिटावर आनंदोत्सव करणारा जनसमुदाय आहे. साडेतीन आण्यांवर लेखणी, दौत व पद्यपंक्ती. चार आण्यांवर कणीस व नांगर. बारा आण्यांवर चरखा आणि कापड. मताधिकार स्त्री-पुरुष दोघांनाही एकाच वेळी देणाऱ्या राज्याला मतपेटीवर स्त्रीमूर्ती बसवण्याची गरज भासली नाही, असा याचा अर्थ लावण्याचा मोह होतो आणि तो काही अंशी रास्तही आहे. मात्र त्याच तिकिटांवरचा नांगर कोणाच्याही हाती नाही आणि चरखा चालवणारी स्त्री त्या चौकटीत कोठेही बसलेली नाही.